लाईन आली की काय करायचं?

मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली. शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. मी पुण्यात होते. आमच्या गल्लीत तसं शांत होतं, आई-बाबा घरात सुखरूप होते, साधे फोन लागत होते. तरी मी दर दोन तासांनी फोन करत होते. तिसऱ्या की चौथ्या फोनला बाबा जरा अडखळत म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे वं, पण तुझी ती मोटर काही चालू होऊन नाही राहिली."

'माझी' मोटर म्हणजे अंगणातल्या टाक्यातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर. अकोल्यात नळ रोज येत नाहीत. काटेपूर्णा धरणात पाणी कमी झालं की मधले दिवस वाढत जातात. नळ आले की अंगणातलं टाकं भरायचं, मग मोटर लावायची, मग गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते बघायचं. बाबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी ऑनलाईन एक वाय-फाय स्विच मागवला आणि मोटरच्या बोर्डात बसवून घेतला. जुनं बटण बरं दिसत नव्हतं म्हणून तेही काढून टाकलं. बाबा मोबाईलवरून मोटर लावायला लागले आणि मी ऑफिसात सगळ्यांना ते सांगत सुटले.

इंटरनेट बंद झाल्यावर मात्र बाबांच्या हातातला मोबाईल आणि तीन फुटांवरचा स्विच यांना एकमेकांशी बोलता येईना. त्यांचं बोलणं अकोल्यातून निघून कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जायचं आणि तिथून परत अकोल्यात यायचं. तो रस्ताच बंद होता. जुनं बटण मी काढलेलं. इलेक्ट्रिशियन येऊ शकत नव्हता. दोन दिवस बाबा त्या गुडघ्यांनी बादल्या वर नेत होते आणि मला फोनवर "चालते, चालते" म्हणत होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. सर्व्हर बंद पडला तर काय होईल हा प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो. घरासाठी खरेदी करताना मी तो विचारला नव्हता. मग नवा हब आणि नवे सेन्सर निवडायला बसले, तेव्हा आधी या वस्तू इथवर कशा आल्या ते वाचून काढायचं ठरवलं. वाचता वाचता लक्षात आलं, की या इतिहासाचं एक महत्त्वाचं प्रकरण मी लहानपणी मामाच्या शेतात डोळ्यांनी बघितलेलं आहे.

लाईन

आमच्या वऱ्हाडात विजेला 'लाईन' म्हणतात. 'लाईट गेले' असं पुण्यात ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली होती. आमच्याकडे लाईन जाते आणि लाईन येते. आणि माझ्या लहानपणी ती येण्यापेक्षा जायचीच जास्त.

जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या. त्याच सुमाराला राज्यात मागणी आणि पुरवठा यांत काही हजार मेगावॅटची खोट होती. मग भारनियमन आलं. कुठे किती तास अंधार हे पुढे गटांवर ठरायला लागलं. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, त्याचा गट खालचा आणि त्याचे अंधाराचे तास जास्त. 'ए' पासून 'जी' पर्यंतची ही अक्षरं आम्हाला एबीसीडी म्हणून नंतर आणि भारनियमनाचे गट म्हणून आधी पाठ होती. अकोला जिल्ह्यातच पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. त्याची चिमणी दिसते त्या गावांमध्येही लाईन जायची, याचं कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

माझं आजोळ अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात. संत्र्याचा पट्टा. संत्र्याला पाणी वेळेवर लागतं आणि मोटरला थ्री फेज लाईन लागते. शेतीची थ्री फेज दिवसभर मिळतच नाही. एका आठवड्यात ती दिवसाच्या पाळीत आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या पाळीत आठ-दहा तास, असं चक्र चालतं. रात्रपाळीच्या आठवड्यात मामा रात्री बारा-एकला बॅटरी आणि काठी घेऊन निघायचा. ओल्या वाफ्यांतून चालत जायचं, साप बघायचे, विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत ओल्या हाताने स्टार्टर दाबायचा. मामी तो परत येईपर्यंत जागी असायची.

विसरणारा स्टार्टर

मोटरचा स्टार्टर ही साधी आणि फार विचारपूर्वक केलेली वस्तू आहे. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलमध्ये वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं आणि ते संपर्कपट्ट्यांना धरून ठेवतं. बटण सोडलं तरी मोटर चालू राहते. लाईन गेली की चुंबक सुटतं, पट्ट्या उघडतात. लाईन परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी येऊन पुन्हा हिरवं बटण दाबावं लागतं.

हे मुद्दाम केलेलं आहे. लाईन गेल्यावर एखादा माणूस कडबा कापायच्या यंत्रात अडकलेला चारा हाताने काढत असेल आणि तेवढ्यात लाईन आली तर? म्हणून यंत्राने आपण चालू होतो हे विसरून जायचं. विसरणं हा त्याचा सुरक्षेचा गुण आहे.

पण जिथे लाईन रात्री तीनदा जाते, तिथे विसरणारं यंत्र माणसाला तीनदा शेतात पाठवतं. म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरला लक्षात ठेवायला शिकवलं. बाजारात छोटी डबी मिळायला लागली. तिचं नाव 'ऑटो'. तिन्ही फेज आले की ती हिरव्या बटणाचं काम स्वतः करते. मामाने ऑटो बसवला त्या उन्हाळ्यात मी तिथे होते. तो खाटेवर पडून मला म्हणाला, "आता लाईन आली का मोटर आपोआप उचलते. आपल्याले रातच्याला जा लागत नाही." मी पाहिलेलं पहिलं ऑटोमेशन हेच. हब नाही, ॲप नाही, आणि त्याने एका माणसाची झोप परत दिली.

पुढची गोष्टही तिथेच घडली. ऑटो एकट्या मामाने लावला असता तर काही बिघडलं नसतं. तो डीपीवरच्या सगळ्यांनीच लावला. इंडक्शन मोटर सुरू होताना, नेहमी घेते त्याच्या पाच ते सात पट प्रवाह काही क्षण ओढते. माणूस बटण दाबायचा तेव्हा कुणी दहा मिनिटांनी पोचायचा, कुणी अर्ध्या तासाने. आता लाईन आल्याच्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठायच्या. एका रात्री डीपी जळाली. संत्र्याला मृग बहराचे दिवस नव्हते हे नशीब, पण पऱ्हाटी वाळताना मी बघितली. महावितरण आजही दर हंगामात शेतकऱ्यांना हेच सांगत असते, की ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा.

शहाणपणाचा दोष मामाला देता येत नाही, शेजाऱ्यांनाही नाही. प्रत्येकाचं यंत्र बरोबर वागत होतं. सगळी मिळून चूक करत होती.

हवाई बेटांवरचा उपाय

कॉलेजात नेटवर्किंगच्या तासाला मला मामाची डीपी आठवली होती. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं रेडिओने एका संगणकाला जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहा. दोन टर्मिनलं एकाच वेळी बोलली की दोघांचाही संदेश फुटायचा. दोघांनी तेवढाच वेळ थांबून पुन्हा पाठवला तर पुन्हा टक्कर. उपाय असा, की प्रत्येकाने थांबायचा वेळ मनाला येईल तसा, म्हणजे यदृच्छेने निवडायचा. टक्कर आपोआप विरळ होते. आज आमचे सर्व्हर बंद पडून परत उठतात तेव्हा लाखो मोबाईल एकदम चढून येऊ नयेत म्हणून आम्ही हीच युक्ती वापरतो.

पुढे ऑटोमध्येही टायमर आले. लाईन आली की काही मिनिटं थांबून मोटर उचलायची. पण सगळ्यांनी दोनच मिनिटं लावली तर डीपीच्या दृष्टीने फक्त मरण दोन मिनिटं लांबतं. खरा फरक थांबण्याने पडत नाही, वेगवेगळं थांबण्याने पडतो.

कळलं पाहिजे

ऑटोत अजून एक उणीव होती. तो मोटर लावायचा, पण लागली की नाही हे घरी खाटेवर कळायचं नाही. विहिरीत पाणी नसेल तर मोटर कोरडी फिरत राहायची.

या उणिवेवर पुण्यातल्या संतोष ओस्तवाल या इंजिनीअरने काम केलं. रात्री-अपरात्री पंप लावायला शेतात जाणारे आजोबा त्यांनी पाहिले होते. त्यातून 'नॅनो गणेश' तयार झालं. स्टार्टरला एक यंत्र आणि त्याला मोबाईल जोडायचा. शेतकऱ्याने घरून फोन लावून ठरावीक आकडे दाबले की मोटर चालू किंवा बंद. मुख्य म्हणजे शेतात लाईन आहे का आणि मोटर चालू आहे का, हेही फोनवर कळायचं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या कल्पनेला पारितोषिक मिळालं. तेव्हा स्मार्टफोन फार थोड्यांच्या हातात होता आणि 'स्मार्ट होम' हा शब्द आपल्याकडे कुणी वापरत नव्हतं.

दूरचं कळणं ही गरज किती जुनी आहे याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावात वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. शाळेचा शिपाई तळघरातली भट्टी सांभाळायचा आणि खोल्या गार झाल्या की तापल्या, हे बघायला वर्गावर्गांत डोकवायचा. जॉन्सननी वर्गात तापमान ओळखणारं यंत्र बसवलं आणि त्याची घंटा तळघरात नेली. १८८३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. सेन्सर वर्गात, घंटा तळघरात, आणि भट्टीची झडप हलवणारा माणूसच. वर्ग आता मध्येच थांबायचा नाही, एवढाच बदल. तो पुरेसा होता.

याच्या उलट वाट १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनरोथेस गावात पिको इलेक्ट्रॉनिक्सने धरली. त्यांच्या एक्स-टेन या पद्धतीत घरातल्या विजेच्या तारांमधूनच संदेश जायचा. विजेची लाट शून्यावर येते त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा छोटा ठोका द्यायचा, तो ठोका म्हणजे एक बिट. सोळा घरांची अक्षरं आणि प्रत्येकी सोळा उपकरणं, म्हणजे २५६ पत्ते. नवी वायर नको, भिंत फोडायला नको. घरगुती ऑटोमेशन सामान्य दुकानात आलं ते इथून. पण सुरुवातीची ही उपकरणं ऐकायची, उत्तर द्यायची नाहीत. 'दिवा लाव' म्हटलं तर तो लागला का, हे बघायला खोलीतच जावं लागायचं. मामाच्या ऑटोसारखंच.

रेडिओ आला, मग ढग आला

उत्तर द्यायचं काम रेडिओने केलं. डेन्मार्कच्या झेन्सिस कंपनीने झेड-वेव्ह आणली. २००३ मध्ये कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओचं एक मानक ठरलं आणि त्यावर झिगबी उभी राहिली. दोन्हींमध्ये उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, म्हणून लांबच्या खोलीतला छोटा सेन्सरही नाण्याएवढ्या बॅटरीवर महिनोन् महिने चालतो. खरेदी करताना एक फरक ध्यानात ठेवावा. झिगबी बहुतेक जगभर २.४ गिगाहर्ट्झवर चालते. झेड-वेव्हची वारंवारता देशागणिक बदलते. भारतात ती ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, अमेरिकेत ९०८. त्यामुळे अमेरिकेतल्या भावाने प्रेमाने आणलेला झेड-वेव्हचा कुलूप-सेन्सर इथल्या हबशी बोलणार नाही.

२०१४ च्या सुमाराला शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप इतकी स्वस्त झाली की स्विच, प्लग, बल्ब, सगळ्यांत वाय-फाय शिरलं. हब नको, राऊटर पुरे. ज्याला हब म्हणायचं तो मेंदू मात्र नाहीसा झाला नव्हता. तो कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर गेला होता. माझा पहिला स्विच याच जातीचा.

मेंदू दुसऱ्याच्या घरी ठेवला की काय होतं, याची उदाहरणं मग शोधावी लागत नाहीत. रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब होता. नेस्टने २०१४ मध्ये ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. यंत्रात काहीही बिघाड नसताना लोकांच्या घरातले हब निव्वळ डबे झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर न सांगता बंद पडले. पण इन्स्टिऑनची उपकरणं विजेच्या तारेतून आणि रेडिओने आपसात बोलत असल्यामुळे, ॲप मेलं तरी ज्या घरांत स्विच थेट दिव्याला जोडलेला होता तिथे तो चालत राहिला. पुढे वापरणाऱ्यांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेऊन पुन्हा उभी केली.

हे दूरचं वाटत असेल तर जवळचं बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात इंटरनेट बंद झालं. कंपनी बुडायची वाटही बघावी लागली नाही. आपल्या भागात लाईन जाते तसं इंटरनेटही जातं, आणि अशाच दिवशी जातं जेव्हा घराबाहेर पडता येत नाही.

मी काय निवडलं

एवढं वाचून झाल्यावर मी दुकानाच्या यादीसमोर बसले तेव्हा माझा प्रश्न बदलला होता. 'याच्यात फीचर किती' याऐवजी मी प्रत्येक वस्तूला विचारत होते: लाईन गेल्यावर तू काय विसरशील? काय लक्षात ठेवशील? आणि लाईन आली की काय करशील?

स्मार्ट प्लगच्या सेटिंगमध्ये हा प्रश्न एका ओळीत असतो. वीज परत आल्यावर चालू, बंद, की आधी होता तसा? ही ओळ जगालाही उशिरा सुचली. फिलिप्सचे ह्यू बल्ब कित्येक वर्षं लाईन आली की पूर्ण उजेडाने पेटायचे, रात्री तीन वाजतासुद्धा. ती सेटिंग त्यांनी २०१८ च्या शेवटी दिली. आमच्या घरात दिवा 'आधी होता तसा' आहे. मोटर आणि कूलर कायम 'बंद'. कूलरबद्दल मी हट्टी आहे. लोखंडी कूलर, खाली पाणी, अनवाणी पाय. लाईन गेली म्हणून कुणी त्यात बादली ओतत असताना तो स्वतःहून चालू होता कामा नये.

मोटरसाठी छोटा वाय-फाय स्विच पुन्हा घेतला नाही. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण उचलताना २५-३० पर्यंत जाते. दहा अँपिअरच्या रिलेचे संपर्क अशाने कधीतरी वितळून चिकटतात, आणि मग बंद करूनही मोटर बंद होत नाही. म्हणून मोटर कॉन्टॅक्टरवर आहे आणि रिले फक्त त्याची कॉइल हलवतो. कॉइलच्या वाटेत गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट स्विच आहे. टाकी भरली की तो कॉइलची वाट तोडतो. हब, वाय-फाय, मी, कुणाचीही त्याला परवानगी लागत नाही. तरंगत्या वस्तूने पाणी आवरायची ही कल्पना इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसने पाण्याच्या घड्याळात वापरली होती. तिला अजून अपडेट लागलेला नाही.

पाण्याची पातळी मोजायचा सेन्सर निवडताना आमची माती आडवी आली. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या मोठ्या भागात खारपाणपट्टा आहे. पाण्यात बुडवलेल्या दोन तारांचा स्वस्त सेन्सर खाऱ्या पाण्यात ओळखण्याचं काम उत्तम करतो, पण त्यातून एकाच दिशेने सतत वीज गेली की विद्युत अपघटनाने एक तार खाल्ली जाते. दर्यापूरच्या मैत्रिणीकडे ती एका पावसाळ्यात गेली. वापरायचाच असेल तर स्टीलच्या कांड्या घ्याव्या आणि मोजण्यापुरतीच, दिशा पालटत वीज द्यावी. दांडीवर सरकणारा लोहचुंबकी फ्लोट क्षार बसून अडकतो, वायरला लटकणारा फ्लोट बरा. आवाजाच्या लाटांनी अंतर मोजणारा सेन्सर पाण्याला शिवत नाही, पण हवा तापली की आवाज वेगाने धावतो. २० अंशांवर जुळवलेला सेन्सर ४५ अंशांच्या हवेत चारेक टक्के चुकतो. अकोल्याचा पारा ४७ ला टेकतो अशी वर्षं असतात आणि काळ्या टाकीखालच्या डबीत त्याहून जास्त असतं. पुष्कळ स्मार्ट वस्तूंच्या खोक्यावर '० ते ४० अंश' लिहिलेलं असतं. आमच्या एप्रिलची कुणी चौकशी केलेली नसते. मी शेवटी टक्केवारीचा नाद सोडला आणि दोन फ्लोट घेतले. टाकं रिकामं आहे का, टाकी भरली का. एवढंच कळलं तर पुरे.

मोटर कोरडी फिरते का, हे वेगळ्या सेन्सरशिवाय कळतं. पाणी ओढताना मोटर जास्त वॅट घेते, कोरडी फिरताना कमी. वीज मोजणाऱ्या रिलेने आकडा खाली गेलेला पाहिला की तीस सेकंदांत मोटर बंद.

हब घरातच आहे. जुना छोटा संगणक, त्यावर होम असिस्टंट. हे मुक्त सॉफ्टवेअर पाउलस स्काउटसनने २०१३ मध्ये सुरू केलं. त्याला झिगबीची यूएसबी कांडी लावली आहे. लाईन झटक्यात गेली की मेमरी कार्डावरच्या फाइली खराब होतात म्हणून कार्डाऐवजी एसएसडी, आणि हब व राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर. एक चूक मात्र करून झाली. निरोप पुढे पोचवणारे झिगबीचे प्लग मी इन्व्हर्टरबाहेरच्या बोर्डात लावले होते. लाईन गेली की मधली साखळी तुटायची आणि गच्चीवरचा सेन्सर अनाथ व्हायचा. आता एक प्लग इन्व्हर्टरवर आहे. दुसरा मुद्दाम बाहेर ठेवला आहे. तो गप्प झाला की हबला कळतं, लाईन गेली.

गप्प होण्यातून कळवायची ही सोय एमक्यूटीटीत फार छान आहे. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहातून लक्ष ठेवायला ही पद्धत तयार केली. यात उपकरण जोडलं जातानाच आपलं मृत्युपत्र ठेवतं: मी अचानक गेलो तर सगळ्यांना हे सांगा. आणि शेवटचा निरोप राखूनही ठेवता येतो, म्हणजे नंतर उठलेल्याला आधी काय झालं ते कळतं. विसरणं आणि लक्षात ठेवणं यांची वाटणी इथे कुणीतरी आधीच नीट करून ठेवली होती.

आता लाईन आली की आमची मोटर काहीच करत नाही. हब थोडा वेळ थांबतो, किती ते दर वेळी वेगळं. मग व्होल्टेज बघतो, टाक्यात पाणी आहे का बघतो, टाकी रिकामी आहे का बघतो, आणि मग मोटर उचलतो. मामाच्याच ऑटोला थोडी नजर आणि थोडा शेजारधर्म शिकवला आहे. नवीन घेणाऱ्यांसाठी काम सोपं झालंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकात उपकरणं घरातल्या घरात बोलतात. तरी विकत घेण्याआधी दुकानातच राऊटरची इंटरनेटची वायर काढायला सांगा आणि मग दिवा लावून दाखवा म्हणा.

बटण

मामाकडे आता मोबाईल स्टार्टर आहे. फोनवर त्याला लाईन कळते, मोटर कळते. तरी दारामागे बॅटरी आणि काठी असतेच. मी विचारलं तर म्हणाला, "मोबाईल म्हणते चालू झाली. पाणी आलं का, ते तर पाहाच लागते ना."

अकोल्याला मोटरच्या बोर्डावर मी साधं बटण परत बसवलं आहे, हबला वळसा घालून थेट कॉन्टॅक्टरला जाणारं. फ्लोट त्याच्याही वाटेत आहे, म्हणून टाकी वाहणार नाही. मागच्या दिवाळीला गेले तेव्हा त्यावर पांढऱ्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं दिसलं. बँकेत लेजरवर लिहायचे तसं, एकेक अक्षर सुटं: 'नेट बंद असल्यास हे दाबणे.' खाली तारीख आणि सही.